सहभागी क्रमांक एकेचाळीस

खुर्चीत बसायचे सहा पौंड मिळतात.
पडद्यावर दोन डबे, निळा आणि पिवळा, एक निवडायचा.
एकतीस वर्षं डंडीच्या रस्त्यांवर मी बस हाकली,
तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं,
वॉटी, तुला काय हवंय ते सांग.

मॉर्व्हेन विचारते.
आर्ब्रोथच्या कोळ्याची पोर,
वर्तनविज्ञानात एम.एस्सी. करते.
स्वेटरच्या कोपरावर शाई, आणि जेवण म्हणजे डब्यातल्या बीन्स.
रात्री आकड्यांशी झुंजते:
पॉइंट शून्य पाचच्या खाली आला तर निष्कर्ष,
केसभर वर राहिला तर पुन्हा माणसं गोळा करा,
पुन्हा सहा-सहा पौंड.
माणसं म्हणजे मी, आणि ग्रंथालयात ऊब घ्यायला येणारे
आणखी काही.

मी तिला बसमधलं सांगतो.
पहिला उठेपर्यंत म्हातारीला कुणी जागा देत नाही;
एक उठला की चार उठतात.
ती वहीत लिहून घेते. त्यांच्यात त्याला नाव आहे, भलं मोठं.
मी त्याला लाज म्हणायचो.

'शिकून पुढे काय?' दर रविवारी फोनवर तिची आई.
करखात्याला पत्रं लिहिणारी माणसं लागतात, ती सांगते,
सुपरमार्केटला जाणून घ्यायचं असतं, हात आधी कुठे जातो.
पीएच.डी. केली तर अजून चार वर्षं
आणि त्याच बीन्स.
'म्हणजे लोकांना फसवायचं?'
'किंवा नाही फसवायचं,' मॉर्व्हेन म्हणते. 'शिक्षण तेच.'

नोव्हेंबरात एका बेटिंग कंपनीचं बोलावणं आलं.
दुप्पट पगार, एडिनबरा, खिडकीतून किल्ला.
मुलाखतीआधी गृहपाठ: पडदा आखा,
'आणखी एकदा' कुठे, 'पैसे काढा' कुठे.
आखलेला पडदा तिनं सवयीनं माझ्यापुढे ठेवला.
'विचार न करता दाबा, मिस्टर लेकी.'

अंगठा गेला.
मी पोचायच्या आधी गेला,
खाली उजवीकडे, हिरव्या गोळ्यावर,
जिथे दोन वर्षं माझी पेन्शन जात होती
रात्री, रजईखाली, आवाज बंद करून.

ती घड्याळाकडे बघत होती. मग अंगठ्याकडे.
इतक्या झटपट नवखा कुणी दाबत नाही.
टे नदीवरचा वारा खिडकी ठोकत राहिला.
तिनं आकडा लिहिला नाही.
उठून चहा आणला, दोन चमचे साखर,
पहिल्यांदाच काही न विचारता.

आता ती आरोग्य खात्यात आहे.
अकरा महिन्यांचं कंत्राट, पुढचं पुढे.
आईनं विचारणं सोडलेलं नाही.

मार्चमध्ये मला पत्र आलं.
आतड्याच्या तपासणीचं पाकीट
हिवाळाभर किटलीमागे पडून होतं माझ्याकडे;
असला नमुना कुठला शहाणा टपालात टाकतो?
पत्रात जाड ठशात एकच ओळ:
'तुमच्या गल्लीतले काही जण आधीच उठले आहेत.'

उठले!
स्वयंपाकघरात एकटाच हसलो.
मग पाकीट घेऊन बाथरूममध्ये गेलो.

खालच्या मजल्यावरच्या नेटाला साधं पत्र आलंय.
तारीख, पत्ता, सही.
तिनं ते मांजराच्या बशीखाली घातलंय, दूध सांडू नये म्हणून.
याला काय म्हणतात ते मला आता माहीत आहे.
तुलनेचा गट.
त्याला बाहेरच्यानं हात लावायचा नसतो.

मी बशी बाजूला सरकवली.
म्हटलं, नेटा, मी उठलोय. चल.

तुझा एक आकडा चुकेल, मॉर्व्हेन.
माफ कर.